परक्याचे पत्र

टपालवाला दाराच्या फटीतून पत्र आत सरकवून पुढे जातो आणि उचलून पाहावे तो त्यावर नाव भलत्याचेच असते. कधी घराचा क्रमांक चुकलेला असतो, कधी आडनावाच्या सारखेपणाने घोटाळा केलेला असतो, तर कधी आपल्या आधी त्या जागेत राहून गेलेल्या भाडेकरूचा नवा पत्ता पाठविणारास अद्याप कळलेला नसतो. प्रसंग अगदी क्षुल्लक. पण थोडा विचार केला तर असे दिसून येईल की, त्या वेळी आपल्या हाती जी वस्तू असते तिच्यासारखी चमत्कारिक वस्तू व्यवहारात क्वचितच आढळेल. ती लिहिणाराच्या हातून सुटलेली असते, परंतु घेणाराच्या हाती पडलेली नसते. रस्त्यात सापडलेल्या रुपयावर धन्याचे नाव नसते; या वस्तूवर ते नाव, पेठ आणि गाव यांसह स्वच्छ लिहिलेले असते. असे असूनही आत काय आहे हे जाणण्याचा मोह रुपयाच्या मोहाहून पुष्कळदा बळकट ठरतो.

हा मोह आजचा नव्हे. परक्याचे पत्र हाती आले असता निरनिराळ्या काळांतील माणसांनी त्याचे काय केले, आणि आपण केले ते योग्यच केले असे स्वतःच्या मनास कसे पटविले, याचा मागोवा घेतला तर सुधारणेच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण उलगडते. त्यातील काही प्रसंग येथे वाचकांपुढे ठेवावयाचे आहेत.

प्रारंभ आपल्या घरच्याच उदाहरणाने करू. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध पत्र कोणते असे विचारल्यास बहुतेक वाचक पानिपतच्या संहाराची वार्ता सांगणाऱ्या सांकेतिक पत्राचे नाव घेतील. मोती, मोहरा आणि रुपये-खुर्दा यांच्या हानीची ती भाषा शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु ते पत्र ज्याने वाचले त्याच्यासाठी ते लिहिलेलेच नव्हते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात जी हकीकत दिली आहे तीप्रमाणे, १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे भाऊसाहेबांच्या कुमकेस उत्तरेकडे निघाले असता नर्मदेच्या आसपास त्यांस एक कासिद भेटला. तो सावकारांचा कासिद होता. त्याच्यापाशी औरंगाबादेकडे धाडलेले पत्र होते व नऊ दिवसांत ते पोहोचते करण्याचा त्याने करार केलेला होता. ते पत्र उघडण्यात आले आणि पेशव्यांनी वाचले. १४ जानेवारीच्या रणात आपला पुत्र विश्वासराव व चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ हे दोघेही गेले, ही बातमी त्या कर्त्या पुरुषास कळली ती अशी, दुसऱ्याच्या टपालातून! त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. त्याच वर्षीच्या २३ जून रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

या प्रसंगी पेशव्यांस दोष देण्यास कोणाचे मन धजेल? पुत्राची खबर ज्याच्या थैलीत आहे अशा कासिदास कोणता बाप तसाच पुढे जाऊ देईल? तथापि या हकीकतीची एक बाजू विचार करण्याजोगी आहे. सावकारांनी मजकूर संकेताने का लिहिला? कारण वाटेत पत्र कोणाच्याही हाती पडेल व जो बलवान असेल तो ते फोडील, हे त्यांनी गृहीतच धरलेले होते. त्या काळी पत्राचे रक्षण करणारा कायदा नव्हता. लाखेची मोहोर, कासिदाचे पाय आणि लिहिणाराची चतुराई हेच काय ते त्याचे संरक्षण. ज्याच्या हाती सत्ता त्याच्या हाती पत्र, असा तो न्याय होता आणि त्याचे कोणास नवलही वाटत नसे.

पत्र उघडणे हा मोहाचा एक मार्ग झाला. न उघडता ते आपल्यापाशी ठेवून देणे हा दुसरा. याचे उदाहरण पाहण्यासाठी आणखी पाऊणशे वर्षे मागे, हॉलंडातील हेग शहरी गेले पाहिजे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे सिमोन द ब्रिएन नावाचा पोस्टमास्तर होता. त्याची पत्नी मारी जेर्मँ हीही त्याच्या बरोबरीने हे काम पाही. त्या काळी टपालाचा आकार पाठविणाराने नव्हे, तर पत्र घेणाराने द्यावा अशी चाल होती. घेणारा मृत झालेला असला, गाव सोडून गेलेला असला किंवा पैसे देण्यास नाखूष असला म्हणजे ते पत्र पोस्टमास्तराच्या गळ्यात पडे. पुष्कळ ठिकाणी अशी पत्रे नष्ट करीत. ब्रिएनने मात्र ती एका पेटीत साठवून ठेविली. कोणी तरी एक दिवस येईल, आकार भरील व पत्र घेऊन जाईल, अशी त्याची आशा असावी. १६८९ पासून १७०६ पर्यंतची अशी सुमारे २६०० पत्रे त्या पेटीत साठली आणि त्यांपैकी सुमारे ६०० पत्रांची मोहोर कधीच फुटली नाही. १९२६ साली ती पेटी हेगच्या टपालविषयक संग्रहालयाकडे आली.

या न उघडलेल्या पत्रांपैकी एक २०२१ साली वाचण्यात आले, तेही लाख न फोडता. क्ष-किरणांच्या साह्याने मिटलेल्या कागदाचे सूक्ष्म चित्र घ्यावयाचे आणि गणकयंत्राकरवी त्याच्या घड्या चित्रातच उलगडावयाच्या, अशी ती युक्ती. पत्रावर ३१ जुलै १६९७ ही तारीख होती. झाक सेनाक नावाच्या गृहस्थाने हेगमधील आपला चुलतभाऊ प्येर ल पेर या फ्रेंच व्यापाऱ्यास ते लिहिले होते. मजकुरात राजकारण नाही की प्रेमाची भाषा नाही. दानिएल ल पेर नावाच्या आप्ताच्या मृत्यूचा दाखला साक्षांकित करून पाठवावा, एवढीच काय ती मागणी. कोर्टकचेरीची पायरी चढलेल्या कोणाही गृहस्थास अशा दाखल्याचे मोल निराळे सांगावयास नको. ती मागणी ज्याच्याकडे केली होती त्यास ती कधी कळलीच नाही, आणि जगास ती कळली तेव्हा तीनशे चोवीस वर्षे लोटून गेलेली होती.

ब्रिएनने कोणाचेही गुपित फोडले नाही. पत्रे जाळली नाहीत म्हणून संशोधक त्यास धन्यवादच देतात. परंतु पत्र लिहिणाराच्या दृष्टीने पाहिले तर मोहोर शाबूत राहिल्याने त्याचा काय लाभ झाला? पत्राचा हेतू पोहोचणे हा आहे. ते फोडणारा जसा त्या हेतूचा घात करितो, तसाच ते कोनाड्यात ठेवून विसरणाराही करितो. मात्र दुसऱ्याच्या मनास टोचणी लागत नाही, एवढाच काय तो भेद.

तिसरा प्रसंग याहून बिकट आहे. कारण येथे परक्याची पत्रे वापरणारा मनुष्य लहानसहान नव्हता आणि त्याचा हेतूही हलका नव्हता. बेंजामिन फ्रँकलिन हा १७५३ पासून ब्रिटिश सरकारच्या वतीने उत्तर अमेरिकेतील वसाहतींच्या टपालखात्याचा उपप्रमुख होता. १७७२ साली तो लंडनमध्ये असता एक पुडके त्याच्या हाती आले. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर टॉमस हचिन्सन, त्याचा सहकारी अँड्र्यू ऑलिव्हर व इतर काही जण यांनी टॉमस व्हेटली नावाच्या इंग्रज मुत्सद्द्यास लिहिलेली पत्रे त्यात होती. व्हेटली नुकताच वारला होता. ही पत्रे फ्रँकलिनला कोणी दिली हे त्याने जन्मभर सांगितले नाही. वसाहतींतील लोकांच्या स्वातंत्र्यास कात्री लावल्यावाचून गत्यंतर नाही, अशा आशयाचा मजकूर त्यांत होता. फ्रँकलिनने ती त्या वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनला टॉमस कुशिंग याच्याकडे धाडली व अट घातली की, ती निवडक मंडळींस दाखवावी, परंतु त्यांच्या नकला करू नयेत व ती छापू नयेत.

पुढे काय झाले असेल हे वाचकांनी ओळखलेच असेल. १७७३ च्या जूनमध्ये पत्रे छापून बाहेर पडली व बॉस्टनमध्ये क्षोभ उसळला. इकडे लंडनमध्ये, पत्रे चोरली कोणी, याबद्दल कुजबूज सुरू झाली. मृत व्हेटलीचा भाऊ विल्यम आणि जॉन टेंपल या दोघांवर संशयाची छाया पडली, व डिसेंबरात हाइड पार्कमध्ये त्यांचे द्वंद्व होऊन विल्यम व्हेटली जखमी झाला. तेव्हा कोठे, २५ डिसेंबर रोजी, फ्रँकलिनने वृत्तपत्रातून जाहीर केले की, पत्रे बॉस्टनला पाठविणारा मीच. ती खाजगी पत्रेच नव्हेत, सार्वजनिक अधिकाऱ्यांनी सार्वजनिक कारभाराविषयी लिहिलेली होत, असा त्याचा बचाव होता. २९ जानेवारी १७७४ रोजी प्रिव्ही कौन्सिलपुढे सॉलिसिटर-जनरल वेडरबर्न याने त्याची भर सभेत निर्भर्त्सना केली. अडुसष्ट वर्षांचा तो पुरुष सर्व वेळ निमूटपणे उभा राहिला. लगेच त्यास टपालखात्यातून काढून टाकण्यात आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने त्यास आपला पहिला पोस्टमास्तर-जनरल नेमले, हा इतिहासाचा विनोद म्हणावा की न्याय, हे ज्याने त्याने ठरवावे.

फ्रँकलिनचा बचाव अगदीच पोकळ नाही. राज्यकर्ते प्रजेविरुद्ध गुप्तपणे काही लिहीत असतील तर ते प्रजेस कळावे, हे मत आज पुष्कळांस मान्य होईल. परंतु त्याच्या अटीकडे पाहिले म्हणजे त्याच्या युक्तिवादातील दुबळी जागा दिसते. पत्रे छापू नका, असे त्याने मित्रांस का बजाविले? आपला विश्वास कोणी मोडू नये, एवढ्यासाठीच ना? पण हीच अपेक्षा हचिन्सननेही पत्रे लिहिताना मनात धरलेली होती. जी मर्यादा आपण दुसऱ्याच्या बाबतीत पाळली नाही ती आपल्या बाबतीत इतरांनी पाळावी अशी आशा त्या शहाण्या माणसाने केली व ती फोल ठरली. आणि हाइड पार्कमध्ये रक्त सांडले ते ना फ्रँकलिनचे ना हचिन्सनचे. परक्याच्या पत्राची किंमत पुष्कळदा तिसराच कोणी भरतो.

येथवर परक्याची पत्रे वापरणाऱ्या व्यक्ती पाहिल्या. टपाल वाहून नेण्याचा मक्ता सरकारने घेतल्यावर या प्रश्नास निराळेच वळण लागले. आता पत्र वाहणारा व ते फोडू शकणारा हे दोघे एकच झाले. १८४४ साली लंडनमध्ये राहणाऱ्या मॅझिनीस संशय आला की आपली पत्रे वाटेत उघडली जातात. १९०७ साली सावरकरांच्या मराठी भाषांतराने ज्याचे आत्मचरित्र आपल्याकडे घरोघर चर्चिले गेले, तोच हा इटालियन देशभक्त. त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस असे काहीबाही घालून परीक्षा पाहिली. पत्रे पोहोचत, परंतु आतील दाणे गळालेले असत. जून महिन्यात हे प्रकरण पार्लमेंटपुढे आले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनी रीतसर हुकूम काढूनच पत्रे उघडविली होती. कायद्याने त्यांस तो अधिकारही होता. तरीही इंग्रज लोकमत खवळले. ‘पंच’ने ग्रॅहॅमची थट्टा करणारी पाकिटे काढली. दोन्ही सभागृहांनी चौकशी-समित्या नेमल्या आणि परदेशी पत्रे उघडणारे टपालातील गुप्त खाते बंद करावे लागले. पत्रे उघडविण्याचा अधिकार मात्र सरकारने सोडला नाही. कायदेशीर गोष्ट सभ्यपणाची असतेच असे नाही, एवढे मात्र त्या वर्षी एका राष्ट्राने आपल्या सरकारास ऐकविले.

आपल्याकडे १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात पत्रे नेण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला, आणि १८५४ च्या ऑक्टोबरपासून, अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर ठेविला. तिकीट आधीच लावावयाचे असल्याने ब्रिएनच्या पेटीचे कारण पुष्कळसे नाहीसे झाले. नॉटपेड पत्रांपुरतीच ती जुनी कटकट शिल्लक राहिली. त्यानंतर १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा आला. त्याचे ६८ वे कलम सामान्य गृहस्थाच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहते. दुसऱ्याच्या हाती पडावयास हवे होते असे पत्र जो कपटाने ठेवून घेईल, बुद्धिपुरस्सर लपवील, अडकवून ठेवील किंवा टपालाच्या अधिकाऱ्याने मागितले असता देण्याचे नाकारील, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड, अशी त्यात तरतूद होती. चुकीने पत्र हाती येणे हा गुन्हा नव्हे. ते जाणूनबुजून ठेवून घेणे हा गुन्हा, असा विवेक या कलमाने केला. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमाने मात्र सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी पत्रे अडविण्याचा अधिकार सरकारने स्वतःसाठी राखून ठेविला होता.

योगायोग असा की, याच १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात होती ती पानिपतच्या काळातील पत्रेच. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरांतून हेच काम करीत होते. येथे एक शंका उद्भवते. इतिहाससंशोधक हा तरी परक्याची पत्रे वाचणाराच नव्हे काय? होय, आहेच. परंतु तो ती वाचतो तेव्हा लिहिणारा व घेणारा हे दोघेही गेलेले असतात, पत्र आपल्या ठिकाणी पोहोचून त्याचे कार्य संपलेले असते, आणि ते ज्या घराण्याच्या रुमालात बांधलेले असते ते घराणे आपल्या खुशीने तो रुमाल सोडून देते. हचिन्सनच्या पत्रांत यांपैकी एक व्हेटली तेवढा गेलेला होता. बाकीची एकही गोष्ट नव्हती. संशोधकाने ही मर्यादा सोडली तर त्याच्यात व फ्रँकलिनला ते पुडके आणून देणाऱ्या अज्ञात इसमात अंतर उरणार नाही.

थोरामोठ्यांचे दोष दाखविणे सोपे असते, म्हणून या ठिकाणी स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. मॅझिनीचे पत्र फोडले म्हणून ज्या सुशिक्षित वर्गाने संताप व्यक्त करावा, त्याच वर्गाच्या कित्येक घरांत सुनेला आलेले माहेरचे पत्र आधी वडीलधाऱ्यांच्या हातून जात असे, आणि तिच्या हाती पडे ते उघडलेले. ‘आमच्या घरात लपविण्यासारखे काय आहे?’ हे त्याचे ठरलेले समर्थन असे. ग्रॅहॅमचे समर्थन याहून फारसे निराळे नव्हते. उलट, अक्षरशत्रू म्हातारीस तिच्या मुलाचे पत्र वाचून दाखविणारा खेडेगावचा टपालवालाही आपल्याकडे होऊन गेला. त्याने वाचले तेही परक्याचेच पत्र. पण ते तिच्या सांगण्यावरून, आणि तिच्याचसाठी. परक्याचे पत्र वाचणे हे पाप आहे की उपकार, हे ठरते ते केवळ याच एका गोष्टीवरून.

पत्रे भलत्या दारी जाण्याची कारणे कमी करण्याचा प्रयत्नही झाला आणि त्यात एका महाराष्ट्रीय विद्वानाचा मोठा वाटा आहे. एकाच नावाची अनेक गावे, आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक लिप्या, यांमुळे टपालाची वाटणी करणारे गोंधळून जात. संस्कृत पंडित व कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यात वरिष्ठ अधिकारी होते. त्यांनी सहा आकड्यांच्या पिनकोडाची योजना केली व ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. पहिल्या आकड्यावरून विभाग, पुढच्यांवरून जिल्हा व अखेरच्या तिहींवरून टपालकचेरी कळते. परंतु हे आकडे पत्रास योग्य कचेरीपर्यंत नेतात. तेथून योग्य दारापर्यंत नेतो तो माणूसच, आणि माणूस आहे तोवर चूक आहेच.

आता १८९८ चा कायदा इतिहासजमा झाला आहे. त्याच्या जागी २०२३ चा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. राष्ट्राच्या सुरक्षिततेसारख्या कारणांसाठी टपाल अडविण्याचा सरकारचा अधिकार त्यात कायम आहे. मात्र जुन्या कायद्यातील अपराधांची व शिक्षांची ती लांबलचक यादी त्यात नाही, आणि तिच्याबरोबर ६८ वे कलमही गेले. दुसऱ्याची वस्तू गिळंकृत करणारास इतर कायदे मोकळे सोडणार नाहीत, हे खरे. पण चुकून आलेले पत्र टेबलाच्या खणात टाकून देणाऱ्या गृहस्थास उद्देशून शब्द योजणारे ते जुने कलम आता उरले नाही. जे काम अंशतः कायदा करीत होता ते यापुढे बहुतांशी आपल्या सभ्यतेवर सोपविलेले आहे.

आणि काम क्षुल्लक राहिलेले नाही. हल्ली टपालाने सुखदुःखाची पत्रे फारशी येत नाहीत. येतात ती न्यायालयाची समन्से, बँकेची पाकिटे, विम्याच्या सूचना, नोकरीची बोलावणी. यांत आठ दिवसांच्या विलंबाने एखाद्याची मुदत टळते, एखाद्या तरुणाची जागा जाते. वर पाहिलेल्या प्रसंगांतून तीन दोष स्पष्ट होतात: परक्याचे पत्र उघडणे, अडकविणे आणि त्यातील मजकूर पसरविणे. पेशव्यांस पहिला दोष क्षम्य होता, कारण त्यांच्या पुत्राचे प्राण त्यात गुंतले होते. आपल्यापाशी तसे कारण सहसा नसते. म्हणून पत्र न उघडता त्याच दिवशी शेजाऱ्याकडे पोहोचते करावे. पत्ता ठाऊक नसल्यास पाकिटावर ‘चुकीने आले, येथे राहत नाहीत’ असे लिहून टपालवाल्याच्या स्वाधीन करावे. आपल्या टपालाबरोबर अनवधानाने ते उघडले गेले असेल तर तसे लिहून पुन्हा बंद करून द्यावे, आणि दृष्टीस पडलेला मजकूर मनातच ठेवावा. एवढे करण्यास पाच मिनिटे पुरतात. सेनाकच्या त्या दाखल्यास ती पाच मिनिटे कोणी दिली नाहीत.